गुंजभर तांबे

सुरतेच्या जरीच्या कारखान्यांतून धातूचे मोजमाप किती बारकाईने होते, हे त्या धंद्यातील माणसास सांगावयास नको. चांदीची तार केसाहून बारीक ओढावयाची, ती चपटी करून रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळावयाची आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवावयाचा, ही खऱ्या जरीची रीत. हलक्या जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार येते आणि चांदी केवळ वरच्या मुलाम्यापुरती उरते. डिंडोली, उधना, लिंबायत ह्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेली जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी पुष्कळांचा चरितार्थ माग, रंगाई आणि छपाई ह्यांवर चालतो. तथापि तोळा, मासा, गुंज ही सोनाराची जुनी मापे त्यांच्या घरांतून अजून अगदीच विसरली गेलेली नाहीत. आज ह्याच मापांनी आपल्याला एक निराळा ऐवज तोलावयाचा आहे. तो म्हणजे माणसाच्या शरीरातील धातू.

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ह्या हिशेबाने धडधाकट प्रौढ माणसाच्या अंगात लोखंड भरते चार माशांच्या आसपास, जस्त दोन माशांच्या आसपास, आणि तांबे? पुरते एक गुंजभरही नाही. मँगनीज तर गुंजेच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. सोनाराच्या फुंकरीने उडून जाईल एवढी ही पुंजी. पण मेंदूचा सारा व्यवहार तिच्यावाचून अडतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके, परंतु आपण घेतलेल्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. पेशींत ह्या प्राणवायूचा विनियोग करणारे जे शेवटचे विकर आहे, त्याच्या गाभ्यात तांबे असते. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी जी रसायने आहेत, त्यांपैकी डोपामीन तयार करताना लोखंड लागते आणि डोपामीनपासून नॉरॲड्रेनलीन तयार करताना तांबे लागते. म्हणजे भीती, उत्साह, लक्ष, हालचाल ह्या ज्या गोष्टी आपण मनाच्या म्हणून समजतो, त्यांच्या मुळाशी धातूचे चार-दोन कण बसलेले आहेत. हे ज्ञान माणसाला कसे झाले, आणि त्यात मुंबई-पुण्याच्या वैद्यकाचा वाटा कोणता, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ही कथा १९१२ साली लंडनमध्ये सुरू होते. किनियर विल्सन नावाच्या तरुण डॉक्टराने त्या वर्षी एका विचित्र रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रोगी सारे कोवळ्या वयाचे. प्रथम हात थरथरू लागतो, अक्षर बिघडते, मग बोलणे बोबडे होते, अंग ताठरते, चेहऱ्यावर एक अर्थहीन हास्य गोठून बसते, तोंडातून लाळ गळू लागते; आणि काही महिन्यांत अथवा वर्षांत रोगी दगावतो. मृत्यूनंतर तपासणी केली असता मेंदूच्या आत खोलवर, मसुरीच्या दाण्यासारखा आकार असल्यामुळे मसुरीचेच नाव मिळालेली जी दोन केंद्रके आहेत, ती झिजून गेलेली आढळली. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्यांनी जन्मात कधी पोटाची तक्रार केली नव्हती अशा ह्या रोग्यांचे यकृत गाठाळलेले होते. यकृतात निर्माण होणारे काहीतरी विष मेंदूला ग्रासत असावे, असा विल्सनने तर्क केला. तर्क बराचसा खरा होता. मात्र एका बाबतीत तो चुकला. रोग एकाच घरातील भावंडांत आढळतो हे त्याने पाहिले होते. पण आईबाप निरोगी असल्यामुळे तो आनुवंशिक नव्हे असे त्याने ठरवून टाकले. ह्या चुकीकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

विल्सनच्या निबंधापूर्वीच, १९०२ आणि १९०३ साली, कायझर आणि फ्लायशर ह्या दोघा जर्मन डॉक्टरांनी काही रोग्यांच्या बुबुळाच्या कडेला एक हिरवट-तपकिरी कडे पाहिले होते. कडे कशाचे ह्याविषयी बराच काळ वाद झाला. ते चांदीचे असावे असाही एक तर्क होता. जरीच्या गावाला ह्याची गंमत वाटेल, कारण शेवटी ते निघाले तांब्याचे! १९१३ मध्ये एका रोग्याच्या यकृतात तांबे वाजवीपेक्षा अधिक आढळले होते, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. शास्त्राच्या इतिहासात असे वारंवार होते. उत्तर टेबलावर पडलेले असते आणि प्रश्न विचारणारा दुसऱ्या खोलीत असतो.

उत्तर मिळावयास १९४८ साल उजाडले. लंडनच्या कमिंग्ज ह्या रोगविकृतिशास्त्रज्ञाने ह्या रोगाने दगावलेल्या माणसांचे मेंदू आणि यकृत दोन्ही रासायनिक पद्धतीने तपासले आणि दोहोंत तांब्याचा साठा झाल्याचे आकड्यांनी दाखविले. तो तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये एक औषध तयार झाले होते. हे औषध सोमल पकडून शरीराबाहेर काढते, मग ते तांबेही काढणार नाही काय, असे त्याने सुचविले. १९५१ पर्यंत तसे प्रयोग झाले आणि काही रोग्यांचा कंप खरोखरच कमी झाला. पण ही इंजेक्शने इतकी वेदनाकारक होती की, ती आयुष्यभर घेणे कोणास शक्य नव्हते. १९५६ मध्ये जॉन वॉल्श ह्या इंग्रज डॉक्टराने पेनिसिलामीन हे पोटात घेण्याचे औषध पुढे आणले. पेनिसिलीनच्या विघटनातून निर्माण होणारा हा पदार्थ तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतो. रोग्यास देण्यापूर्वी वॉल्शने पहिली मात्रा स्वतः घेऊन पाहिली. मेंदूच्या ज्या आनुवंशिक रोगांवर नेमका इलाज सापडला, त्यांत हा अगदी पहिल्यांपैकी होय.

आता मुंबईकडे वळू. १९२५ साली सुरतेतच जन्मलेले नोशीर वाडिया हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन विलायतेस गेले आणि १९५७ साली परत येऊन त्यांनी त्याच महाविद्यालयात व जे. जे. रुग्णालयात मज्जारोगांचा स्वतंत्र विभाग उभारला. तेथेच दाराब दस्तूर हे मज्जासंस्थेच्या विकृतींचा अभ्यास करीत होते. दस्तूर, मंघानी आणि वाडिया ह्या तिघांनी १९६८ मध्ये विल्सनच्या रोगाने ग्रासलेल्या सोळा भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा रोग केवळ पाश्चात्त्यांच्या पुस्तकातला नसून आपल्या घरांतला आहे, हे त्यामुळे नावानिशी नोंदले गेले. त्या काळच्या जे. जे. रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाला आधी मांत्रिक, मग गावचा वैद्य, मग तालुक्याचा दवाखाना अशा पायऱ्या चढूनच यावे लागे. मुलगा आळशी झाला, मुद्दाम वेडेवाकडे तोंड करतो, त्याला कोणाची नजर लागली, अशी निदाने तोवर घरीदारी होऊन गेलेली असत. अभ्यासात बरा असलेला मुलगा एकाएकी चिडखोर होतो, त्याची वही वाचवत नाही, मास्तर छडी मारतात. आणि दोष असतो त्याच्या यकृतातील एका प्रथिनाचा. ह्या रोगाने केलेले मुलांचे हाल निम्मे रोगाचे आणि निम्मे आपल्या गैरसमजाचे, असे मला वाटते.

ह्या प्रथिनाचे काम काय, ते थोडक्यात सांगतो. अन्नातून रोज मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. धान्य, डाळी, शेंगदाणे, तीळ ह्या सर्वांत ते असते. आतड्यातून शोषले गेलेले तांबे यकृतात येते. यकृत त्यातील काही एका वाहक प्रथिनात बसवून रक्तात सोडते आणि उरलेले पित्तावाटे बाहेर टाकते. ही दोन्ही कामे करणारा जो कारभारी, त्याचे जनुक १९९३ मध्ये तेराव्या गुणसूत्रावर सापडले. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की कारभारी कामास येत नाही. तांबे यकृतात साचते, ते भरले म्हणजे रक्तात ओसंडते आणि मेंदूत व डोळ्यांत जाऊन बसते. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी धड असली, तर माणसाला आयुष्यभर काहीही होत नाही. विल्सनला जे आईबाप निरोगी दिसले ते असे होते. प्रत्येकाकडे एकेक बिघडलेली प्रत होती, आणि दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच अपत्याकडे जाण्याचा संभव चारांत एक असतो.

येथे आपल्या सोयरिकीचा प्रश्न येतो. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत मान्य, किंबहुना पसंतीचा. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात ह्या रीतीचा सविस्तर विचार केला आहे. तिच्यामागे जमीन, जिव्हाळा आणि ओळखीच्या घरात मुलगी देण्याची निश्चिंतता असते. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण हिशेब मात्र समजून घ्यावा. साधारणपणे नव्वदांत एक माणूस ह्या रोगाची एक बिघडलेली प्रत अंगी बाळगतो असे मानतात. अशा माणसाने परक्या घरात लग्न केले, तर जोडीदाराकडेही तशीच प्रत असण्याचा संभव नव्वदांत एक. त्याने मामाच्या मुलीशी लग्न केले, तर तो संभव आठांत एक. कारण आजी-आजोबा एकच. सुरतेसारख्या शहरात आल्यावरही आपली माणसे सोयरीक बहुधा गावाकडचीच पाहतात. त्यामुळे हा हिशेब तापीबरोबर खानदेशातून खाली उतरून डिंडोलीपर्यंत आला आहे.

आता ह्याच्या अगदी उलट्या बाजूची एक हकीकत सांगितली पाहिजे, आणि तीही महाराष्ट्रातीलच आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगावे, यकृत दगडासारखे टणक व्हावे आणि काही महिन्यांत मूल जावे, असा एक रोग भारतात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला होता. एकाच घरात लागोपाठ दोन-तीन मुले जात, म्हणून तो आनुवंशिक असावा असा समज होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ह्या मुलांच्या यकृतात तांब्याचा अफाट साठा असल्याचे स्पष्ट झाले. मग पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या आयांना आणि निरोगी मुलांच्या आयांना बारकाईने विचारले: बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले, ते कशात तापविले, कशात ठेवले? १९८३ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांतून उत्तर मिळाले. बाळाला लवकर गाईम्हशीचे दूध सुरू झालेले, आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यांतून. दुधातील प्रथिन तांब्याला चांगले धरून ठेवते, आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध तापवून ठेवले की ते तांबे थेट बाळाच्या पोटात जाते.

कल्हई! गल्लीत भाता मांडून बसणारा कल्हईवाला, नवसागराचा तो पांढरा धूर आणि चकाकत्या पातेल्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कथिलाचा तो पातळ थर कशासाठी होता हे वेगळे सांगावयास नको. आंबट पदार्थ कळकतो, एवढे आजीला ठाऊक होते. तान्ह्या बाळाच्या दुधाचाही प्रश्न तेथेच आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. पुणे जिल्ह्यात घरोघर ही माहिती पोहोचविली गेली, स्टेनलेस पोलादाची भांडीही तोवर स्वस्त झाली होती, आणि पाहता पाहता तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. ज्या मुलांत तो लवकर ओळखला गेला, त्यांपैकी काहींना वॉल्शच्याच पेनिसिलामीनने वाचविले. धातू एकच, औषध एकच. पण एका रोगात दोष रक्ताचा असता लोकांनी नजर लागल्याचे म्हटले, आणि दुसऱ्यात दोष पातेल्याचा असता रक्ताला बोल लावला. पुण्याच्या मुलांत तांबे मेंदूपर्यंत पोहोचावयास अवधीच मिळत नसे. यकृतच आधी हार खाई.

तांबे अधिक झाल्याचा हा इतिहास झाला. उणे पडले तर? १९३७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यांनी दाखविले की, तांब्याचा अंश नसलेल्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांची कोकरे जन्मतःच झोकांड्या खातात. गाभण मेंढीला तांबे दिले की कोकरू नीट चालते. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंकेस यांनी एकाच कुळातील काही मुलगे वर्णिले. त्यांचे केस तारेसारखे खरखरीत व पिळवटलेले होते आणि मेंदू झिजत चालला होता. ते केस तांब्यावाचून वाढलेल्या मेंढीच्या लोकरीसारखे आहेत, हे ओळखावयास मेंढ्यांच्या देशातला माणूस लागला. मेलबोर्नच्या डँक्स यांनी १९७२ मध्ये त्या मुलांच्या शरीरात तांब्याचा दुष्काळ असल्याचे सिद्ध केले. गुंज भरली तर मेंदू थरथरतो, गुंज रिती झाली तरी मेंदू झिजतो.

दस्तूर यांनी मँगनीजचाही पाठपुरावा केला. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत, म्हणून हा विषय मराठी मुलखाला परका नाही. ह्या धातूच्या भुकटीने होणारा आजार प्रथम १८३७ मध्ये ग्लासगोकडे नोंदला गेला, आणि तोही कापडाच्या निमित्ताने. कापड पांढरे करण्याची भुकटी बनविताना मँगनीजचे खनिज दळणारे कामगार पाय ओढीत चालू लागले होते. चिलीच्या खाणकामगारांत ह्या आजाराचा आरंभ अकारण हसण्या-रडण्याने होई, म्हणून त्याला तेथे वेडाचेच नाव मिळाले. दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये किरणोत्सर्गी मँगनीज माकडांना देऊन असे दाखविले की, इतर अवयवांतून हा धातू पुष्कळसा निघून जातो, पण मेंदूतून तो हलता हलत नाही. चिलीतल्या त्याच कामगारांचा अभ्यास करणारे अमेरिकेतील कॉत्झियास पुढे कंपवाताकडे वळले आणि १९६७ मध्ये त्यांनी एल-डोपा हे औषध मोठ्या मात्रेत देऊन अंथरुणास खिळलेली माणसे चालती केली. हेच द्रव्य आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांतून मद्रासच्या रसायनज्ञांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते. पण ती कथा स्वतंत्र आहे.

पुन्हा तांब्याकडे. विल्सनच्या रोगावर आज पेनिसिलामीनखेरीज इतर औषधे आहेत, आणि त्यांत एक आहे साधे जस्त. जस्त दिले की आतड्याच्या पेशी एक असे प्रथिन तयार करतात की, जे तांब्याला धरून ठेवते. पेशी झडल्या की तांबेही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. पातेल्यात जे दोन धातू एकत्र येऊन पितळ होते, तेच आतड्यात एकमेकांचे वैरी ठरतात! औषध मात्र जन्मभर घ्यावे लागते. बरे वाटू लागले म्हणून ते बंद करणाऱ्या रोग्याची प्रकृती पुन्हा ढासळते, आणि त्या वेळी गेलेले सारे परत येतेच असे नाही. अशा रोग्याने तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिऊ नये. निरोगी माणसास त्या पाण्याने अपाय होत नाही. तथापि स्मरणशक्ती वाढावी म्हणून धातूंच्या गोळ्या मनाने घेण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिला ह्या साऱ्या इतिहासात कोठेही आधार नाही.

ह्या रोगात सर्वांत अधिक लाभ होतो तो दुसऱ्या मुलाचा. पहिल्या मुलाचा रोग ओळखला गेला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी झाली पाहिजे, मग ते कितीही हसतेखेळते असो. अद्याप ज्याचा हात थरथरलेला नाही, अशा भावंडाला त्याच वेळी औषध सुरू केले, तर तो हात बहुधा कधीच थरथरत नाही. रक्तातील तांबेवाहक प्रथिन मोजणे आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे मोजणे, ह्या त्यासाठीच्या तपासण्या होत. जनुकाची तपासणीही आता होते. परंतु भारतीय कुटुंबांत ह्या जनुकातील बिघाड एका ठरावीक जागी नसून घराघरागणिक निराळ्या जागी सापडतो, त्यामुळे एकच तयार चाचणी सर्वांना पुरत नाही. आणि ज्या मुलाचे अक्षर एकाएकी बिघडले आहे, हात कापतो आहे, बोलणे जड झाले आहे, त्याच्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरने दिव्याची बारीक फट बुबुळाच्या कडेवर धरून कायझरने १९०२ मध्ये पाहिलेले ते कडे शोधणे, ही अजूनही पहिल्या पायऱ्यांपैकी एक आहे.